सोबत आलेली शेजारीण

वाशीम,
२४ सप्टेंबर १९७३

नागसेनच्या बाबांना,
सप्रेम जयभीम.

तार मुद्दामच केली नाही. तुमच्याकडे आजवर दोनदा तार गेली, मीच करायला लावली होती, आणि दोन्ही वेळा कशासाठी ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून अंतर्देशीय घेतलं. आधी हे वाचा, की पोर जिवंत आहे. मग खाली बसून बाकीचं वाचा.

पोळा झाल्यापासून त्याला ताप होता. इंझोरीत होते नव्हते ते सगळे काढे झाले. शनिवारी डोळे फिरवायला लागला तेव्हा मी आणि तुळसाबाईंनी त्याला घोंगडीत गुंडाळलं आणि पहिल्या मोटारीनं इथं धर्मादाय दवाखान्यात आणलं. डॉक्टर म्हणाले मुदतीचा ताप आहे, तीन आठवडे तरी ठेवावं लागेल. सलाईन लावलं आहे. दुधाशिवाय काही द्यायचं नाही.

इथं एक नियम आहे. लेकरांच्या वॉर्डात एकच बाई राहू शकते, तिला पास देतात. बाकीच्यांनी संध्याकाळी चार ते पाच यायचं. तुळसाबाई आत राहतात, मी बाहेर कडुनिंबाखाली राहते. चार वाजता दार उघडलं की सगळ्यात आधी मी घुसते, आणि पाचाची घंटा झाली की मला हाताला धरून बाहेर काढतात. काल आयाबाई म्हणाली, "घडोघडी काहून भांडता वो बाई? नियम तो नियम." मी म्हटलं, तुमच्या नियमाला लेकरं झाली असती म्हणजे कळलं असतं. अशी अंगाची लाही होते, काय सांगू.

तुम्ही रजा मिळाली तर या. नाही मिळाली तर धीर धरा. पत्र चौकीदार रामसिंग यांच्या नावे दवाखान्याच्या फाटकावर टाका, तो माणूस चांगला आहे.

पंचफुला


नागपूर,
२७ सप्टेंबर १९७३

प्रिय पंचफुला,
जयभीम.

तुझं पत्र माझ्याच हातात, माझ्याच थैलीत आलं. अक्षर ओळखलं आणि लोकांच्या ओट्यावर बसून फोडलं. त्या दिवशी धंतोलीतल्या निम्म्या गल्लीला टपाल उशिरा मिळालं असेल. मिळू दे.

आता मला एक सांग. एकच बाई आत राहू शकते, हे समजलं. मग ती तुळसाबाई का? आई तू की ती? तुळसाबाई चांगली बाई आहे, आपल्या आळीतली आहे, तिची सातही लेकरं धडधाकट आहेत, सगळं मान्य. पण जन्म दिला तू, आणि झाडाखाली तू? मी हे पत्र चारदा वाचलं आणि चारही वेळा मला एकच अर्थ लागला. तू जयभीम घातला असशील, त्यांनी ओळखलं असेल, आणि तुला बाहेर बसवलं असेल. तुळसाबाईच्या कपाळाला कुंकू असतं, ती कुठली ते त्यांना कळलं नसेल. तू मला त्रास नको म्हणून लिहीत नाहीस. तुझी ही सवय मला माहीत आहे.

पण मी गप्प बसणाऱ्यातला नाही. मी आजच मुख्य डॉक्टरांना रजिस्टर पत्र टाकलं आहे. त्याची नक्कल सोबत पाठवतो, ती जपून ठेव, उद्या वर जायची वेळ आली तर लागेल.

रजेचा अर्ज दिला. दोघं पोस्टमन मलेरियानं पडले आहेत, दसऱ्याचं टपाल डोक्यावर. आठ-दहा दिवस लागतील. नागसेनला सांग, बाबा येतो आहे आणि येताना लाल बस घेऊन येतो आहे.

तुझा,
शेषराव


(नक्कल)

मा. मुख्य डॉक्टर, धर्मादाय दवाखाना, वाशीम यांस,

माझा मुलगा नागसेन, वय साडेतीन वर्षे, शनिवार ता. २२ रोजी इंझोरीहून आपल्या वॉर्डात आणला आहे आणि त्याच्या जन्मदात्या आईला आपण झाडाखाली बसवले आहे. परक्या बाईला पास आणि आईला चार ते पाच, हा नियम कोणत्या पुस्तकात आहे ते मला कळवावे. धर्मादाय ही पाटी लावायला पैसे लागतात, धर्म लागत नाही, असे दिसते. आम्ही बौद्ध आहोत म्हणून हे चालले असेल तर आपली चुकीच्या माणसाशी गाठ आहे. मी टपाल खात्यातला माणूस आहे. पत्र कुठे पोचवायचे ते मला कळते.

शे. उ. तायडे, पोस्टमन


वाशीम,
१ ऑक्टोबर १९७३

नागसेनच्या बाबांना,
सप्रेम जयभीम.

तुम्ही डॉक्टरांना पत्र का टाकलंत? मला विचारायचं तरी होतं. तुमच्या नाकावर राग नेहमीचाच, पण पोर त्यांच्या हातात आहे एवढं तरी लक्षात ठेवायचं. जातीचं काही नाही. इथं मला कुणी जात विचारली नाही. पाणी सगळे एकाच माठातलं पितात. त्यांना माझ्यासाठी चार शब्द लिहून माफी मागा. कारण विचारू नका, भेटीत सांगेन.

तुळसाबाई शनिवारी गेल्या. त्यांच्या गंगूचे दिवस भरले आहेत, घरी दुसरं कुणी नाही. सात दिवस त्यांनी स्वतःच्या लेकरासारखं केलं, आणखी किती थांबणार? जाताना म्हणाल्या, "पंचफुला, आता तरी सांगून टाक वो माय. मी तं चालली." त्यांना काय म्हणायचं होतं तेही भेटीतच सांगेन.

आता आत पोराजवळ कुणीच नाही. पास दुसऱ्या कुणाला देत नाहीत. आणि काल मी चार वाजता गेले तर काय पाहिलं? त्याचा डावा हात पट्टीनं खाटेच्या दांडीला बांधलेला. सुई उपटतो म्हणून. गाईच्या वासराला दावं बांधतात तसा. मी ती पट्टी सोडायला गेले तर सिस्टर धावत आली. मी तिला नको नको ते बोलले. ती केरळची, तिला काय कळलं देव जाणे, पण आवाज कळला असेल. ती म्हणाली, "रात को कौन देखेगा? तुम?" मी म्हटलं, हो, मी, मला राहू द्या. ती म्हणाली, "तुम कौन?"

मी पट्टीवरचा हात काढून घेतला.

त्याला दूध जात नाही. बाटलीच्या झाकणानं पाजतात, तो ओकतो. सगळा वॉर्ड म्हणतो, याची माय याला टाकून पळून गेली. हे मी उभी राहून ऐकते. ज्याचं जळतं त्याला कळतं, दुसऱ्याला काय?

लवकर या.

पंचफुला


धर्मादाय दवाखाना, वाशीम,
३ ऑक्टोबर १९७३

श्री. शे. उ. तायडे यांस,

आपले रजिस्टर पत्र पोचले. आपल्या भाषेला उत्तर देण्याची मला गरज वाटत नाही. रोज साठ लेकरे पाहतो आणि प्रत्येकाच्या बापाला असेच वाटते. परंतु एका गोष्टीचा खुलासा करणे भाग आहे.

नागसेन तायडे नावाचा कोणताही मुलगा आमच्याकडे दाखल नाही. आपण लिहिलेल्या दिवशी इंझोरीहून एकच मूल आले. दाखल-कागदावर नोंद अशी आहे : मुलाचे नाव उकंडा. आईचे नाव तुळसाबाई. सोबत आलेली : पंचफुला, शेजारीण. कारकुनाने दोनदा विचारून लिहिले असे तो सांगतो, आणि सांगणारी बाई पंचफुला हीच होती.

मुलाची आई नियमाविरुद्ध निघून गेल्याने मुलाचे हाल होत आहेत. ती आपल्या माहितीतली असल्यास तिला ताबडतोब पाठवावे. मुलाची तब्येत समाधानकारक नाही.

मुख्य डॉक्टर


नागपूर,
५ ऑक्टोबर १९७३

पंचफुला,

डॉक्टरांचं पत्र आलं. सोबत जोडलं आहे. वाच आणि मला सांग की हा कोणता पोरगा आहे. माझ्या घरात उकंडा नावाचं कुणी नाही.

मला सगळं कळलं. कळायला काय लागतं, मी त्याच गावात वाढलो. पोर झालं त्या आठवड्यात मी नागपूरला, आणि तू त्याला नेऊन उकिरड्यावर टाकलंस. तुळसाबाईनं उचललं. तिची सात जगली, म्हणून पोर तिचं झालं. म्हणजे मृत्यू दारात आला की त्याला सांगायचं, हे त्या पंचफुलाचं नाही, हे उकिरड्यावरचं आहे, याला कोण नेणार! आणि मोठा होईपर्यंत त्याला उकंडा म्हणायचं. मी दर पत्रात नागसेन, नागसेन लिहितो, तू वरच्या ओळीत "नागसेनच्या बाबांना" लिहितेस, आणि घरात त्याला शेणाच्या ढिगाचं नाव! साडेतीन वर्षं तू मला फसवलंस.

आपण बावीस प्रतिज्ञा कशासाठी घेतल्या? तुला सातवीपर्यंत शिकवलेलं कशासाठी? माझ्या टेबलावर बाबासाहेबांचा फोटो आहे, आज मी त्याच्याकडे बघू शकलो नाही. मी त्या डॉक्टरला काय काय लिहून बसलो! जात काढली, धर्म काढला. आणि तो म्हणतो, त्याला सांगणारी बाई पंचफुला हीच होती. स्वतःच्या तोंडानं! खिडकीवर उभं राहून स्वतःच्या पोराला म्हणालीस, माझा नाही?

उद्या दसरा आहे. दीक्षाभूमीवर लाखो माणसं प्रतिज्ञा म्हणतील. मी कोणत्या तोंडानं म्हणू?

ताबडतोब डॉक्टरांकडे जा आणि खरं सांग. ही माझी आज्ञा समज.

शेषराव


वाशीम,
८ ऑक्टोबर १९७३

शेषराव,

पहिल्यांदाच तुमचं नाव लिहिते आहे. रागानं लिहिते आहे. आणि हे पत्र मी झाडाखालून लिहीत नाही, आतून लिहिते आहे. पोर माझ्या मांडीवर आहे, कागद त्याच्या खाटेवर आहे. तुमची आज्ञा दुपारी मिळाली. मी सकाळीच डॉक्टरांकडे जाऊन आले होते. तेव्हा आज्ञा तुम्ही तुमच्याजवळ ठेवा.

हो, टाकलं मी त्याला उकिरड्यावर. पाचव्या दिवशी, सकाळी. सुपात घालून, मऊ धडपं खाली अंथरून. तुळसाबाईंनी उचललं आणि म्हणाल्या, "मले सापडला, माहा हाये." तुम्ही म्हणता फसवलंस. तुम्हाला नाही फसवलं. फसवायचं होतं ते दुसऱ्याला.

आपली सुजाता नऊ महिन्यांची होती. ती गेली तेव्हा तुम्ही दुसऱ्यांची पत्रं वाटत होतात. तार मिळाली, तुम्ही तिसऱ्या दिवशी आलात, तोवर मातीही सुकली होती. दुसरा अकरा दिवसांचा. त्याला तुम्ही नावसुद्धा ठेवलं नव्हतं, पत्रानं कळवणार होतात. तुमचं नावाचं पत्र तो गेल्यावर चौथ्या दिवशी आलं. ते अजून माझ्या पेटीत आहे, फोडलेलं नाही. तेव्हा प्रतिज्ञा मला शिकवू नका. त्या मी पण म्हटल्या आहेत, हात पुढे करून म्हटल्या आहेत. पण दोनदा रिकामी कूस घेऊन भिंतीला टेकून बसल्यावर माणूस कुणाचंही ऐकतं.

आणि मी ऐकलं ते तुमच्या आईचं. सासूबाईंनी मला स्वतः सांगितलं, शेवटच्या दुखण्यात. "शेषराव हे शाळेतल्या मास्तरानं लिवलेलं नाव व माय. घरी तो उकंडाच होता. तीन गेले, मंग हा राह्यला." तुमच्या उजव्या नाकपुडीला भोक आहे, मृत्यूला पोरगी वाटावी म्हणून तेव्हाच टोचलेलं. तुम्ही मला लग्नाच्या पहिल्या वर्षी म्हणालात, देवीचा व्रण आहे. मी म्हटलं, असेल. बारा वर्षं मी ते खोटं खरं मानून घेतलं, एकदाही तोंडावर आणलं नाही. तुम्ही उकिरड्यावरून उठून पोस्टमन झालात आणि माझ्या पोराला तेवढं नको? दुरून डोंगर साजरे, नागपुरातून इंझोरी आणखी साजरी.

आता खिडकीचं. मी काही ठरवून गेले नव्हते. कारकुनानं विचारलं, "आई कोन?" पोराचा हात माझ्या गळ्यात होता, आणि तो असा तापला होता की माझ्या मानेला चटका बसत होता. मला वाटलं, इथं या खिडकीत, या वहीत, माझं नाव लागलं की संपलं. माझ्या नावाची दोन गेली आहेत. मी तुळसाबाईंकडे बोट केलं. कारकून म्हणाला, "मंग तुमी कोन?" मी म्हटलं, शेजारीण. त्यानं पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच म्हटलं. तुळसाबाई माझ्याकडे बघत राहिल्या, त्यांचं धाडस झालं नाही मोडायचं.

त्यानंतर सोळा दिवस. सोळा दिवस मी त्या झाडाखाली बसले आणि त्या नियमाला, त्या सिस्टरला, त्या आयाबाईला शिव्या घातल्या. दार माझंच मी लावलं होतं, ते कुणाला सांगू?

काल रविवारी चार वाजता गेले. रोज मला पाहून तो हात पुढे करायचा, रडायचा. काल रडला नाही. माझ्याकडे पाहिलं, आणि हळूच कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. साडेतीन वर्षांचं लेकरू, अंगात कूस बदलायची ताकद नाही, पण तेवढ्यासाठी त्यानं ती आणली. मी म्हटलं, उकंडा. हालला नाही. मी म्हटलं, नागसेन. हालला नाही. मृत्यूला फसवायला गेले आणि फसलं कोण, तर हे. त्याला वाटलं असणार, खरंच आपली माय कुणीतरी दुसरीच आहे, आणि ती टाकून गेली.

आज सकाळी डॉक्टर आले तेव्हा मी फाटकावरून सरळ त्यांच्या खोलीत गेले. रामसिंगनं अडवलं नाही. मी म्हटलं, तो माझा आहे. मीच त्याची आई. डॉक्टरांनी चष्मा काढला आणि मला जे बोलले ते मी लिहिणार नाही. बोलू द्या, त्यांचा हक्क होता. पण मी पण बोलले. म्हटलं, डॉक्टरसाहेब, मी चुकले, पण सोळा दिवस एक बाई फाटकाशी रडते आहे, तुमच्या माणसांनी रोज पाहिली. कुण्या शेजारणीला एवढं रडू येतं का? कागदावर बोट ठेवायला सगळे होते, माझ्या तोंडाकडे बघायला एकही नव्हता. त्यांनी एक कोरा कागद पुढे सरकवला. मग म्हणाले, लिहून द्या.

मी लिहून दिलं. "मी पंचफुला, हा मुलगा माझ्या पोटचा आहे." एवढंच वाक्य. सहीला मला दोनदा टाक बुडवावा लागला. तुम्हाला ते हसण्यासारखं वाटेल. मला वाटत होतं, मी त्याचं मरण लिहून देते आहे.

ताप अजून उतरलेला नाही. एकशे तीन आहे. हात मी सोडला आहे, माझ्या हातात धरून बसले आहे. दोन चमचे दूध पोटात राहिलं. त्याला काही झालं तर मी म्हणेन सहीनं झालं, आणि तुम्ही कितीही प्रतिज्ञा म्हणून दाखवा, माझं मन मानणार नाही.

यायचं असेल तर या. नाही तर टपाल वाटत बसा.

पंचफुला


नागपूर,
१९ ऑक्टोबर १९७३

प्रिय पंचफुला,
जयभीम.

सोमवारी तुमचा निरोप घेऊन आलो, मंगळवारी पुन्हा कामावर रुजू झालो. ताप उतरल्याला आज सातवा दिवस. सुट्टी मिळाली की घरी एकदम भाकरी देऊ नकोस, मऊ भातच दे. लाल बस त्यानं मोडली असेल तर रागावू नकोस. मी दुसरी घेतली आहे.

दवाखान्यात पाच दिवस मी तुझ्याजवळ होतो आणि एक गोष्ट बोललो नाही. तोंडानं जमली नाही. पत्र वाटण्यात जन्म चालला, तेव्हा पत्रानंच सांगतो.

मी गुरुवारी चार वाजता वॉर्डात आलो तेव्हा तू विचारलंस, इतका उशीर? मी म्हटलं, अकोल्याला गाडी चुकली. खोटं होतं. मी सकाळी आठ वाजता वाशीमला उतरलो. साडेआठला फाटकावर होतो. मनात सगळं भाषण तयार होतं, डॉक्टरला काय सांगायचं, तुला काय सांगायचं. फाटकाजवळच्या त्या खिडकीतून वॉर्डातली पहिली खाट दिसते. तू पाठमोरी बसली होतीस. तुझ्या खांद्यावर त्याचं डोकं होतं. मला आधी ओळखच पटली नाही. एवढंसं झालं होतं ते डोकं, नुसते कान मोठे. डोळे अर्धे उघडे. मला वाटलं, हे काही राहत नाही. एकदम तार हातात आल्यासारखं झालं.

तेवढ्यात रामसिंग वही घेऊन आला. म्हणाला, "कोन पायजे? काय लागता तुमी त्याचे?"

पंचफुला, मी तोंड उघडलं बाप म्हणायला. आणि माझ्या तोंडातून निघालं, शेजारी. इंझोरीचा शेजारी.

बावीस प्रतिज्ञा मला आजही उलट्या-सुलट्या पाठ आहेत. त्या गुरुवारच्या पाच दिवस आधीच लाखो माणसांत उभा राहून म्हटल्या होत्या. मी तुला जे लिहिलं त्यातला शब्दन्‌शब्द मला बरोबर वाटत होता, आणि आजही बरोबर वाटतो. उकिरड्यावर ठेवून कुणी जगत नाही. तो औषधानं जगला, आणि तुझ्या मांडीनं. हे सगळं मला माहीत असताना मी शेजारी म्हणालो. रामसिंग म्हणाला, "मंग चार वाजता या." मी त्या कडुनिंबाखाली जाऊन बसलो. कितीदा उठलो, की जाऊन सांगावं बाप आहे. आणि पुन्हा बसलो. नाकाच्या भोकाला सारखा हात जात होता.

तू सोळा दिवस तिथं कशी बसलीस ते मला साडेसात तासांत कळलं. माझं ५ तारखेचं पत्र फाडून टाक. आणि तुझ्या पेटीत माझं एक न फोडलेलं पत्र आहे म्हणालीस. ते मात्र फाडू नकोस. मी आलो की दोघं मिळून फोडू. त्यात काय नाव लिहिलं होतं ते मी विसरलो नाही.

तुझा,
शेषराव


इंझोरी,
२३ ऑक्टोबर १९७३

नागसेनच्या बाबांना,
सप्रेम जयभीम.

शनिवारी सुट्टी मिळाली. पोर घरी आलं, मऊ भात खातं, आळीभर मिरवतं. दोन्ही नावांना ओ देतं. तुळसाबाईंच्या गंगूला मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. तुमचं ५ तारखेचं पत्र चुलीत घातलं, ते पेटायलाही कुरकुरत होतं.

बाकी, तुम्ही कबूल केलंत ते बरं केलंत. पण ते मला तेव्हाच ठाऊक होतं. गुरुवारी नऊ वाजता रामसिंग आत येऊन म्हणाला, "बाई, तुमच्या गावचा एक शेजारी आला हाये. टपालाचा खाकी कोट हाये अंगात, लाल मोटार धरून बसला हाये झाडाखाली, रडून राह्यला. आत सोडू का त्याले?"

मी खिडकीतून पाहिलं. मग म्हटलं, शेजारी आहे ना? मग चारपर्यंत बसू द्या. नियम सगळ्यांना सारखा.

पंचफुला